निगेटिव्हकाका

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना 'निगेटिव्हकाका' हे नाव वार्षिक सभेने एकमताने बहाल केलं असणार. लिफ्ट बदलायची? नको. टाकी रंगवायची? आत्ता नको. गणपतीची वर्गणी वाढवायची? मुळीच नको. पण नावाचा आणि स्वभावाचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे. काकांना फोटोच्या निगेटिव्ह करायच्या आहेत. गेली चार वर्षं करायच्या आहेत. त्यासाठी प्रिंटर कुठला घ्यावा, एवढंच काय ते ठरायचं राहिलंय.

काका सरकारी खात्यात आरेखक होते. आयुष्यभर ट्रेसिंग पेपरवर कालवे आणि मोऱ्या ओढल्या, त्यांचे अमोनिया प्रिंट काढले. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले. अमोनियाच्या वासावर पोसलेला माणूस बागकामात रमत नाही. अशात एका प्रदर्शनात त्यांना सायनोटाइप दिसला. गर्द निळा कागद, त्यावर पांढरं चित्र. "अहो, ही तर आपली ब्ल्यू प्रिंट!" असं ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले की पहारेकरी धावत आला.

त्या दिवसापासून घरात हर्षल शिरला. ही पद्धत जॉन हर्षलने १८४२ साली काढली. आपल्या पत्रिकेत ठाण मांडून बसतो तो हर्षल याच्या वडिलांचा. विल्यम हर्षलने तो ग्रह १७८१ साली शोधला. फोटोग्राफीत 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द आणले, तेही मुलानेच. काकूंचं म्हणणं एवढंच, की "यांच्या अष्टमात हर्षल आहे हे मला लग्नाआधी सांगितलं होतं. त्याचा मुलगाही घरात येईल हे कुणी बोललं नव्हतं."

पद्धत तशी साधी. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं पाण्यात विरघळवून कागदाला फासायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात धरायचं. मग पाण्यात धुतला की जिथे ऊन लागलं तिथे निळा, जिथे अडलं तिथे पांढरा. यात फोटो मोठा करायची सोय नाही. चित्र जेवढं हवं तेवढीच निगेटिव्ह लागते. म्हणून हल्ली लोक मोबाइलमधला फोटो संगणकावर उलटा करतात, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि इंकजेट प्रिंटरने पारदर्शक शीटवर छापतात. इथवर सगळं सोपं आहे. इथून पुढे काका आहेत.

काकांची एक लांबडी वही आहे. तिच्यात रोट्रिंग पेनने आखलेले रकाने आहेत: कंपनी, शाई, रंग किती, कागद केवढा, किंमत. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद, आणि त्याचं नाव आहे 'पण'.

पिगमेंट की डाय, हा त्यातला मुख्य खटला. घरी गेलं की काका चहाचा कप पुढे करून समजावतात, "डाय म्हणजे या चहातली साखर, विरघळून गेलेली. पिगमेंट म्हणजे चहाची भुकटी, तरंगणारी." पिगमेंट शाई अतिनील किरण सहसा चांगले अडवते, म्हणून निगेटिव्हला उत्तम. पण प्रिंटर वापराविना पडून राहिला तर ती नोझलमध्ये घट्ट बसते. डाय त्या मानाने निवांत असते. पण डोळ्यांना काळीकुट्ट दिसणारी डाय अतिनील किरणांना उघडी खिडकी वाटू शकते, आणि आपल्याला फिकी वाटणारी पिवळी शाई त्यांना कधी कधी भिंतीसारखी आडवी येते. एप्सनचं हेड विजेच्या इशाऱ्यावर आकुंचन पावून थेंब फेकतं, कॅननचं शाई तापवून बुडबुड्याने. पण. एथ्रीपेक्षा मोठा कागद घेणारा घ्यावा. पण ठेवणार कुठे? आणि उद्या सॉल्ट प्रिंट करायचे म्हटले तर? त्याला आणखी दाट निगेटिव्ह लागते. काकांनी तोवर पोस्टकार्डाएवढाही सायनोटाइप काढलेला नव्हता, पण उद्याची तरतूद पक्की हवी.

दुकानदार त्यांना ओळखून आहेत. एकदा मी सोबत होतो. काकांनी विचारलं, "याच्या काळ्या शाईची अतिनील घनता किती?" विक्रेत्याने खोक्याच्या चारही बाजू वाचल्या आणि म्हणाला, "वाय-फाय आहे, काका."

अशी माणसं घरोघरी असतात. त्यांना वस्तू घ्यायची नसते, निवडायची असते. काकांनी मिक्सर सहा महिने निवडला. तोवर काकूंनी लक्ष्मी रोडवरून एक आणला, त्यात दोन दिवाळ्यांची चटणी वाटून झाली, आणि काका अजून जारच्या पात्यांचा कोन बघत होते. मुलीच्या स्थळांचाही तक्ता केला होता. मुलीने वर्गातल्याच मुलाशी लग्न ठरवलं. त्या जावयापुढचा 'पण' काकांनी अजून भरलेला नाही, हे त्यातल्या त्यात कौतुकाचं.

शेवटी गाडी हलली ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यामुळे. पासपोर्ट फोटोंसाठी त्याच्याकडे सहा रंगांचा, टाकीत शाई भरायचा प्रिंटर आहे. "घ्यायच्या आधी फक्त एक चाचणी," असं म्हणत काका मे महिन्यातल्या एका सकाळी तिथे गेले. बरोबर अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ओएचपी शीट आणि सिंहगडाचा फोटो. गडावर दूरदर्शनचा मनोरा, वर मोकळं आभाळ.

पहिली शीट बाहेर आली तेव्हा तिच्यावर गड नव्हताच. शाई थेंबाथेंबाने गोळा झाली होती, अळवावरच्या पाण्यासारखी. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, ही लेझरची शीट. हिला कोटिंग नसतं, शाई धरणार कशी? इंकजेटची वेगळी येते." त्याने खणातून दुसरी काढली, बोट जिभेला लावून शीटचा एक कोपरा चाचपला, मग उलटून दुसरी बाजू चाचपली. "चिकटतंय ना, ती कोटिंगची बाजू." चार वर्षांच्या वहीत हा रकाना नव्हता.

निगेटिव्ह आली. काकांनी गच्चीवर जाऊन, देवाच्या जुन्या तसबिरीची काच वर दाबून, दहा मिनिटं ऊन दिलं. बादलीत धुतल्यावर गड दिसला, मनोरा दिसला, पण आभाळ सगळं निळं. काकांचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "आभाळ निळंच आलंय की, मग बिघडलं काय?" काकांनी कपाळाला हात लावला. आभाळ पांढरं यायला हवं होतं. शाईने ऊन अडवलंच नव्हतं.

"बघितलंस? डाय!" काका माझ्याकडे वळले. वही उघडणार, तेवढ्यात निळा कागद बघायला मागोमाग गच्चीवर आलेला पोरगा म्हणाला, "काका, मशीन राहू द्या. शाई वाढवू." दुकानात जाऊन त्याने कागदाचा प्रकार ग्लॉसी केला, दर्जा सगळ्यांत वरचा लावला, काळ्यात पिवळा मिसळला आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापून दिली. काकांनी ती उन्हात धरली. कुठल्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात ते पाहिलं आणि आरेखकाच्या हाताने त्यांचा आलेख काढला. पोरगा आलेखाबरहुकूम आकडे बदलत गेला, शीट ट्यूबलाइटसमोर धरून डोळे बारीक करत गेला. चौथ्या शीटला आभाळ पांढरं झालं. मनोऱ्याच्या बारीक दांड्यासुद्धा सुट्या मोजता आल्या. चार वर्षं अडलेलं काम एका दिवसात झालं, प्रिंटर न घेता.

तो निळा सिंहगड आता झेरॉक्सच्या दुकानात काचेला लावलेला आहे. शेजारी आधार, पॅन, लॅमिनेशनच्या पाटीखाली पोराने स्केचपेनने एक ओळ वाढवली आहे: 'येथे निळे फोटोही काढून मिळतील.' पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं आली, आणि तिघांचंही ऊन काकांनीच दिलं.

परवा काकांकडे गेलो तर वही उघडी होती. नवीन ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कोपऱ्यावरचा प्रिंटर. निगेटिव्ह उत्तम. खर्च शून्य. देखभाल दुसऱ्याची.' मला वाटलं, सुटला एकदाचा माणूस. मग शेवटच्या रकान्याकडे नजर गेली. तिथे लिहिलं होतं: 'रविवारी बंद असतो.'