उष्णता बघ, उष्णता!

रविवारी संध्याकाळी साडेसहाला युरोपातली फॉर्म्युला वनची रेस सुरू होते आणि आमच्या निगडीच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका टीव्हीचा आवाज बंद करतात. समालोचकांना गाडीतलं मुळातलं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. मुळातलं काकांना कळतं. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी गिअरबॉक्स जुळवण्यात काढली. ट्रकचे का असेनात, गिअरबॉक्स तो गिअरबॉक्स!

"काका, पुढे कोण आहे?" असं विचारायची सोय नाही. "ते सोड रे. उष्णता कुठे जातेय ते बघ."

काकांची कालगणना २०१४ पासून सुरू होते. त्या वर्षी २.४ लिटरचं व्ही-एट इंजिन गेलं, १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो आलं आणि गाड्यांचा तो कानठळ्या बसवणारा आवाजही गेला. चाहते हळहळले. काका खूश. "आवाज म्हणजे वाया गेलेली ऊर्जाच की!"

नव्या इंजिनाला दोन मोटर-जनरेटर होते. एक क्रँकशाफ्टला जोडलेला. ब्रेक मारला की तो वीज साठवणार, वेग घेताना १२० किलोवॅटपर्यंत ताकद परत देणार. दुसरा, एमजीयू-एच, टर्बोच्या दांड्यावर. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम वायूतून तो वीज काढायचा, आणि पाय उचलल्यावर टर्बो मंदावू लागला की त्याला फिरता ठेवायचा. पहिल्याबद्दल काकांना आदर आहे. दुसऱ्यावर त्यांचं प्रेम. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की ते बोट वर करून म्हणतात, "एमजीयू-एच बसवायचा तो इथे!" काकू नुसत्या गॅस बारीक करतात.

समजावून सांगायला काकांना कागद लागतो, आणि तो कुठलाही चालतो. एकदा भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी मर्सिडीजचं इंजिन काढलं. कॉम्प्रेसर पुढे, टर्बाइन मागे, मधून सिलिंडरांच्या व्हीमधून गेलेला लांब दांडा. "गरम एका टोकाला, गार दुसऱ्या टोकाला. १९ पैकी १६ रेस उगाच नाही जिंकले २०१४ साली!" लग्नाला निघताना काकूंनी पत्रिका उघडली, तर कार्यस्थळावर नेमकं टर्बाइन आलेलं.

२०१७ साली मर्सिडीजच्या इंजिनाने चाचणीच्या डायनोवर ५० टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठली. म्हणजे इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी आली. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, नातवाचा निकाल लागला. "किती मिळाले?" "पन्नासच्या वर!" आजींनी काकांच्या हातावर हात ठेवला. "असू दे हो. सगळीच मुलं काही हुशार नसतात."

गिअरबॉक्सचा विषय निघाला की काका शोकेस उघडतात. तिथे गणपतीशेजारी भंगारातून वाचवलेलं ट्रकचं एक गिअर आहे, तेल लावून पुसलेलं. ते आपल्या हातात देतात. चांगलंच जड लागतं. बाजूला डॉग, म्हणजे गिअर पकडणारे चौकोनी खुंट, त्यांतल्या दोन खुंटांच्या कडा गोटीसारख्या गुळगुळीत. "बोट फिरव. ड्रायव्हरने घाई केल्याची सही आहे ही." रेसच्या गिअरबॉक्समध्येही डॉगच असतात, पण तिथे पुढचा गिअर पकडतो तेव्हा आधीचा नुकता सुटत असतो, इंजिनाची ओढ तुटतच नाही. हे ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवतात. शिवाय आठही गिअरचं प्रमाण हंगामाआधीच ठरवून द्यायचं. मोनॅकोच्या चिंचोळ्या वळणाला तेच आठ आणि मोंझाच्या साडेतीनशेच्या वेगाला तेच आठ. इथे काकांचा आवाज कापरा होतो.

रेसमध्ये इंधन वाचवायला ड्रायव्हर ब्रेकच्या जागेआधीच पाय उचलतात, त्याला 'लिफ्ट अँड कोस्ट' म्हणतात. काका घरातही तेच करतात. दूध वर यायच्या आधी गॅस बंद. उरलेलं काम गरम पातेल्याने करायचं. सिग्नल अजून दिसतही नसतो, तेव्हा यांचा पाय अॅक्सिलरेटरवरून उठतो. मागे बसवाला हॉर्न देऊन थकतो.

२०२६ च्या नियमांत टर्बोवरचा तो लाडका जनरेटर काढून टाकला. महाग होता, किचकट होता. क्रँकशाफ्टवरचा १२० वरून ३५० किलोवॅटचा झाला, जवळजवळ निम्मी ताकद विजेची. काकांनी सुतक पाळल्यासारखा चेहरा केला. "धूर परत वाया!" पण पुढच्याच रविवारी ते एका वीजबिलाच्या पाठीवर ब्रेकमधून येणाऱ्या विजेचा हिशेब मांडत बसले होते. गिअर आता केव्हा उतरवायचे, याची त्यांना चिंता होती. ड्रायव्हरला नसेल एवढी.

मी एकदा विचारलं, "काका, चांगला गिअरबॉक्स कोणता?" म्हणाले, "जो आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही." ट्रक वर्षानुवर्षं घाट चढत राहिले, ते चालवणाऱ्या कुणालाही काकांचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काकांना काही वाटतही नाही.

असे काका तुमच्याही घरात असतील. त्यांना जरूर काहीतरी विचारा. मात्र पत्रिका आधी उचलून ठेवा, आणि कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात बघा.