पॉलिमर क्ले : शस्त्रसज्जतेचे नियम

पॉलिमर क्लेचे कानातले घरी करावेत असा विचार मनात आला, की पहिले काम हत्यारांचे. कानातले होतील न होतील, डबा भरलेला हवा. ऑनलाइन मिळणारा ‘संपूर्ण संच’ डोळे मिटून मागवावा. त्यात नाना आकारांचे कटर असतात, खळगे पाडायच्या गोल टोकांच्या काड्या असतात आणि एखादी आकडी अशी असते, की ती कशासाठी आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पाहुण्यांना आधी तीच दाखवावी.

लाटायला घरचे पोळपाट-लाटणे उचलण्याचा मोह होईल. दुपारी घर झोपलेले असताना तर फारच. आवरावा. क्ले लाकडाला चिकटते, लाकडाच्या रेषा तिच्यावर उमटतात. शिवाय नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारी रसायने यांचा हा गोळा. तो ज्याला लागला ते पुन्हा अन्नाला लावायचे नसते. सोऱ्यालाही हाच कायदा. सोऱ्यातून क्लेची शेव झकास पडते, पण मग दिवाळीला नवा सोऱ्या आणि आईसाठी पटेलसे कारण, दोन्ही शोधावे लागते. त्यापेक्षा अॅक्रिलिकचा रोलर घ्यावा. पास्ता मशीनमधून एकसारख्या जाडीचे पापुद्रे निघतात आणि रंगही छान मिसळतात. ज्या घरात पास्ता कधी शिजलाच नाही, तिथे ते खुशाल आणावे. हक्क सांगायला कोणी येत नाही.

टाइलच्या दुकानातून नमुन्याची एक गुळगुळीत फरशी मागून आणावी. तिच्यावरच लाटावे, कापावे आणि उचलून तशीच ओव्हनमध्ये ठेवावी. इतकी उपयोगी वस्तू संचात का नसते, हे चतुर वाचकाने ओळखले असेलच. डायनिंग टेबलावर कच्चा गोळा विसरू नये; तो पॉलिश खातो.

कापायला लांब, पातळ, लवचिक पाते लागते. त्याच्या दोन्ही कडा सारख्याच दिसतात. धार कुठल्या बाजूला आहे याचा शोध बोटाने न घेता बोथट कडेला नेलपॉलिश लावून ठेवावे. रेषा मारायला टाचणी, पोत उठवायला जुना टूथब्रश. घासायचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

आता ओव्हन. मायक्रोवेव्ह चालत नाही, ओटीजी हवा. शक्यतो केकचा नको, वेगळा. क्ले साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला, अर्धा तास भाजतात. नेमका आकडा पुड्यावर असतो. तो पाळायचा कसा, हा खरा प्रश्न. ओटीजीच्या बटणावरचा आकडा निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखा वाचावा. आत प्रत्यक्षात काय चालले आहे ते ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटरच सांगतो. तापमान कमी पडले तर कानातले पिचतात. फार चढले तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू घरभर पसरतो. तसे झालेच तर ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि घरातल्यांना घेऊन बाहेर पडावे. तेव्हा सगळ्या यादीत जिच्यावाचून अडते ती वस्तू म्हणजे हा थर्मामीटर, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही, कारण ती दिसायला कलात्मक नाही.

एवढी खरेदी झाल्यावर पैसे उरलेच, तर थोडी क्लेही आणावी. पांढरी आणलीत तर सुरुवात तिच्यापासून करा, लाल-काळ्याला नंतर हात लावा; आणि आधी हात धुऊन या.