नाना आणि घाटाखालची हिंदी

आमचे नाना जुन्नरच्या बाजारात अस्सल मराठीत भांडतात. पण गाडीने माळशेजचा बोगदा ओलांडला, की त्यांना हिंदी फुटते. मुंबई अजून कुठल्या कुठे असते. टोकावड्याला चहाच्या टपरीवर ते हुकूम सोडतात, "भैया, दो चाय. साखर थोडी कमती घालना." टपरीवाला मुरबाडकडचाच. "घालतो," म्हणतो.

मुंबईत मराठी बोललं तर गावंढळ समजून भाव पाडतात, हा नानांचा सिद्धान्त. त्यांचे घोडेगावचे व्याही नेमके उलट. त्यांच्या घरात डबे पोचवण्याचा धंदा. "1890 पासून आपली माणसं मुंबईला जेवू घालतायत, ती काय हिंदीच्या जोरावर? झाकणावर चार खुणा, संपला विषय!"

"तुम्ही डबा नेता, मला आंबा विकायचाय," नाना म्हणतात. यावर व्याह्यांकडे उत्तर नाही, खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

कोकणचा हापूस ओसरला की आमच्याकडचा निघतो. गेल्या जूनमध्ये नानांच्या पेट्यांबरोबर मीही वाशीला गेलो. पेट्या उतरवणारे माथाडी साताऱ्याकडचे, आपापसांत मराठीत हसत होते. नाना मात्र ओरडत होते, "संभालके! देठ मत मोडो!"

मग गिऱ्हाईक आलं. आडत्याने हातांवर रुमाल टाकला आणि दोघं त्याखाली एकमेकांची बोटं दाबू लागले. हत्ता पद्धत ती. तोंडातून चकार शब्द नाही. शेजारच्या गाळ्याला भाव कळू नये म्हणून, आणि माल ज्याचा त्यालाही कळत नाही, ते वेगळंच. नाना घोटून आणलेली हिंदी तोंडात धरून उभे. रुमाल हलतोय, चेहरे मख्ख. शेवटी न राहवून त्यांनी रुमालात स्वतःचाच हात खुपसला. "मेरे को भी बोलो ना!"

सगळा गाळा थबकला. आडत्या शांतपणे शुद्ध मराठीत म्हणाला, "नाना, माझा अंगठा सोडा."

निघताना मुनीम म्हणाला, "पैसा कल मिलेगा." नानांच्या हिंदीत कल म्हणजे काल.

"काल? कुणाला दिले?"

"नाना, कल म्हणजे उद्यासुद्धा," मी म्हणालो.

"गेलेला दिवस न् यायचा दिवस एकच? मग पैसे मागायचे तरी कधी?"

कल्याणपासून ते गप्पच होते. टोकावड्याला उतरले, बाकड्यावर टेकले आणि दमलेल्या आवाजात म्हणाले, "दोन चहा दे रे बाबा. साखर टाक चांगली."

टपरीवाल्याने जाताना रात्री पाहिलेला चेहरा बरोबर ओळखला. "बैठो चाचा, अभी लाया."