बापूंच्या चौकटी

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण भिंतीवरचं चित्र पाहतो. बापू चित्राच्या कडेचं लाकूड पाहतात. समोर राजा रविवर्म्याची लक्ष्मी कमळावर उभी असली, तरी बापूंची नजर खालच्या कोपऱ्यात. दोन पट्ट्या ४५ अंशांत नीट भिडल्या आहेत, की फटीत लांबी भरून वर सोनेरी फासलंय, हे तिथंच कळतं. "लक्ष्म्या काय हो, १८९४ साली छापखाना निघाला तेव्हापासून ढिगानं छापल्या," ते म्हणतात. "हा सांधा मारणारा सुतार मात्र एकच."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं गीता तरी वाचतात नाहीतर शेअर तरी घेतात. बापूंनी जुन्या तसबिरी घेतल्या. एका नातेवाइकांकडे भेटायला गेलो होतो, भेटायला म्हणजे त्या अर्थानं. सगळे माना खाली घालून बसले होते. बापू तेवढे उठून भिंतीवरच्या आजेसासऱ्यांच्या फोटोजवळ गेले आणि चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आतून कोणी 'कोण आहे?' म्हणेल की काय, असं मला वाटलं. बापू परत येऊन माझ्या कानात पुटपुटले, "बर्मा साग. आणि वर ऑइलपेंट मारलाय गाढवांनी!" त्या घरात त्या दिवशी खरं डोळ्यांत पाणी आलेला माणूस बहुधा तोच.

बुधवारी आणि रविवारी ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात असतात. चौकटीचा भाव कधी विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. ते आतल्या फोटोकडे बोट दाखवून विचारतात, "हे आजोबा केवढ्याला?" विक्रेता त्यांना पुरता ओळखून आहे. तो म्हणतो, "आजोबा फुकट न्या काका. फ्रेमचे साडेतीनशे." मग काच तिरकी धरून तिच्यात आभाळाची कड पाहायची. सरळ दिसली तर काच नवी, थरथरली तर जुनी. थरथरल्यावर बापूंचा हातही थरथरतो आणि भाव तिथंच पडायचा थांबतो.

घरी आणल्यावर जे चालतं त्याला काकू 'शवविच्छेदन' म्हणतात. पाठीमागचा पुठ्ठा पकडीनं सोडवायचा, गंजक्या चुका डबीत, कसर झटकून बाल्कनीबाहेर, म्हणजे खालच्या जोशांच्या वाळत घातलेल्या पापडांवर. आत देव निघाला तर तो काकूंचा. आमच्या देवघरात आता तीन दत्त आहेत, असं त्या सांगतात तेव्हा त्यात भक्तीपेक्षा जागेची चिंता जास्त असते. माणूस निघाला तर तो बुटांच्या खोक्यात.

पुढचा भाग मला आजवर कळलेला नाही. शंभर वर्षांची चौकट पॉलिश पेपरनं घासून बापू आधी कोरी करकरीत करतात. मग तिच्यावर तपकिरी रंग, कडांना मेणबत्ती चोळायची, वर पांढरा रंग, आणि वाळला की पुन्हा पॉलिश पेपर. मेणावर रंग धरत नाही, म्हणून नेमका कडांवरचा पांढरा उडतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. झाली चौकट जुनी! "अहो, पण ती जुनीच होती ना?" असं मी एकदा विचारलं. "ती वयानं जुनी होती," बापू म्हणाले, "दिसायला नव्हती." आत घालायचा कागदही नवा आणून चहाच्या पाण्यात पिवळा करतात. त्या घरात चहा दोनदा होतो. दाट असतो तो कागदाचा, पाहुण्यांचा नव्हे. चौकटींचे पुढे आरसे होतात, किल्ल्या अडकवायच्या फळ्या होतात, चहाचे ट्रे होतात. एका ट्रेच्या तळाशी काचेखाली काकूंच्या शालूचा काठ आहे. त्या ट्रेमधून काकू कुणालाही काहीही देत नाहीत.

घोटाळा झाला तो १२ × १५ इंची एका चौकटीमुळे. आत फेटा, कोट आणि भरघोस मिशा असलेले एक गृहस्थ. किती पावसाळ्यांची ओल लागून फोटोचा वरचा थर काचेला घट्ट चिकटलेला. ओढला असता तर अर्धी मिशी काचेवर राहिली असती, आणि काच थरथरणारी, टाकवत नव्हती. गृहस्थ आहेत तसेच दिवाणखान्यात लागले.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आजोबा का?" सुरुवातीला बापू खरं सांगत, "छे, जुन्या बाजारातले." त्यावर पाहुणे असे काही पाहत, की बापू नुसतं "हो" म्हणू लागले. 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. काय करायचे? बापूंनी त्यांना नीरेच्या कालव्यावर ओव्हरसियर करून टाकलं. दिवाळीपर्यंत त्यांनी एका गोऱ्या साहेबाला तोंडावर सुनावलं होतं, संक्रांतीला पुरात उडी घेऊन दोघांना वाचवलं. नातवाच्या बारशाला व्याही फोटोपुढे थांबून म्हणाले, "कान खापरपणजोबांचे घेतलेत हं!" पाळण्यातले ते कान मी पाहिले. खरंच तसेच होते.

सर्वपित्रीला काकूंनी घरातल्या सगळ्यांची पानं वाढली आणि एक जास्तीचं वाढून त्या फोटोखाली ठेवलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत.

"अगं, हे आपले कोण?" बापू हैराण.

"ते मला काय विचारता? तुमच्यासारखा नातू मिरवतायत दीड वर्ष, त्यांना उपाशी ठेवू?" असं म्हणून काकूंनी हार घालण्याआधी फोटो पुसायला ओलं फडकं उचललं.

बापू ओरडले, "कोरडं घे! खडू-सरसावरचं सोनेरी आहे, पाण्यानं सुटेल!"