खटपट्या : एक लक्षणविचार

बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत, एसटी स्टँड आणि वेल्डिंगचे दुकान यांच्या दरम्यान जो मनुष्यविशेष हमखास आढळतो आणि ज्याला लोक ‘खटपट्या’ म्हणून ओळखतात, त्याला मिस्त्री समजण्याची चूक अभ्यासकाने करू नये. कारण मिस्त्री बिघडलेली वस्तू दुरुस्त करतो, तर खटपट्या चालू वस्तूत सुधारणा करतो, आणि मिस्त्रीला पुढचे गिऱ्हाईक बहुधा या सुधारणेतूनच मिळते. त्याची बाह्य लक्षणे थोडी आहेत: खिशात पाना, बाहीवर ग्रीस, आणि कोणत्याही दोन वस्तू एकमेकींत बसतील काय या प्रश्नाला, त्या वस्तू पाहण्याच्या आधीच, दिलेले ‘बसतंय की!’ हे उत्तर. साध्या सायकलीला इंजिन लावणे हा त्याच्या विद्येचा कळस होय. परंतु इंजिन कंपनीने बनवलेले असल्यामुळे ते त्याच्या हातूनही सुरू होते, आणि त्याची खरी परीक्षा मागच्या चाकापाशी होते.

आपल्या उद्योगाला तो परंपरेचा आधार देतो, आणि हा आधार सर्वस्वी खोटा नाही. शेजारच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली, मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना, ५० सीसीची लूना बाजारात आणली. तिला इंजिनाबरोबर पायडलही असल्यामुळे लूना ही मुळात सायकलच होती आणि कंपनीने जे केले ते आपणही करू शकतो, असा सिद्धान्त खटपट्या मांडतो. लूनाच्या कारखान्यात मोजमाप करणारी माणसे होती, हा भाग या सिद्धान्तातून गळालेला असतो.

इंजिनाची ताकद चेनमार्फत मागच्या चाकाला देणारी जी दातेरी चकती असते, तिला चक्री किंवा स्प्रॉकेट म्हणतात. तयार संचातील चक्री बहुधा ४४ दात्यांची असते. ती रबराच्या दोन चकत्यांमध्ये चाकाच्या तारा दाबून धरून नऊ बोल्टांनी आवळायची असते, आणि हे नऊ बोल्ट ३६ तारांचे चाक गृहीत धरून पाडलेल्या भोकांतून जातात, म्हणजे दर चार तारांमागे एक बोल्ट येतो. खेड्यातील जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला मात्र ४० तारा असतात. चाळीसला नऊने भाग जात नाही, ही गोष्ट चौथीतील मुलालाही ठाऊक असते. खटपट्याला ती मान्य नसते, म्हणून तो दोन तारा वाकवतो, एका बोल्टाला रजा देतो, आणि उरलेले आठ, टॉमीवर अंगाचा भार टाकून, असे आवळतो की चाकालाच डग येतो. त्यातच चक्रीचा मध्य आणि हबचा, म्हणजे चाकाच्या तुंब्याचा, मध्य एक झाला नाही, तर प्रत्येक फेरीत चेन एकदा ताणली जाते आणि एकदा सैल पडते, आणि सैल पडलेली चेन योग्य वेळ पाहून उतरते.

चेनच्या बाबतीत त्याची श्रद्धा अधिक व्यापक आहे. सायकलीच्या चेनमधील दोन रुळांचे अंतर अर्धा इंच असते आणि आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलींच्या चेनचेही तेवढेच असते. यावरून दोन्ही एकच आहेत असा निष्कर्ष तो काढतो. परंतु सायकलीच्या चेनची आतली रुंदी सुमारे ३ मिलिमीटर आणि मोटारसायकलीच्या चेनची सुमारे ८ मिलिमीटर असल्यामुळे, भंगारातून आणलेल्या मोटारसायकलीच्या चक्रीवर सायकलीची चेन बसतच नाही आणि सायकलीच्या चक्रीवर मोटारसायकलीची चेन डुलत राहते. या डुलण्याचे कारण तो तेलाच्या कमतरतेत शोधतो.

अलीकडे पेट्रोल महागल्यामुळे ही जात विजेच्या मोटरीकडे वळली आहे. मिनिटाला ३०० फेऱ्या देणाऱ्या मोटरीवर ९ दात्यांची चक्री आणि चाकावर १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर चाक १५० फेऱ्या घेते आणि २८ इंची चाकाची सायकल ताशी सुमारे २० किलोमीटर जाते. पायडलची चेन उजवीकडे असल्याने मोटरीची चेन डावीकडे घ्यावी लागते, आणि येथे निसर्गनियम खटपट्याच्या विरोधात साक्ष देतो. फ्रीव्हील एका दिशेला धरते आणि दुसऱ्या दिशेला मोकळे सुटते. उजवीकडचे फ्रीव्हील तसेच डावीकडे चढवले की मोटर गरगर फिरते आणि सायकल जागची हलत नाही. तेव्हा तो फ्रीव्हीलला वेल्डिंग करून त्याचे तोंड कायमचे बंद करतो, आणि मग पुढे जाणारी प्रत्येक ओढ त्याचे आटे उलगडत नेते, कारण ते आटे उजवीकडच्या ओढीने आवळले जावेत असेच पाडलेले असतात.

ही सर्व संकटे मोजपट्टीने टळण्याजोगी असताना तो मोजत का नाही, याचे उत्तर त्याच्या भूमीत सापडते. बालाघाटाच्या या मुलखात पाऊस अंदाजाने धरतात, कापसाचा भाव अंदाजाने धरतात, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारा कोयता, म्हणजे तोडणी करणारे जोडपे, मुकादमाकडून घेतलेली उचल किती टनांत फिटेल हेही अंदाजानेच धरतो. अशा जिल्ह्यात मिलिमीटरचा आग्रह हा आगाऊपणा ठरतो. मात्र पाऊस, भाव आणि उचल ही दुसऱ्याच्या हातातली असल्यामुळे तेथे अंदाज हा नाइलाज असतो, आणि चक्रीचा मध्य हा स्वतःच्या हातातला असूनही खटपट्या तेथेही नाइलाजाचीच सवय चालवतो. सायकलच्या दुकानातला पोरगा फिरत्या चक्रीजवळ खडू धरतो, खडूची रेघ उमटेल ती बाजू हलकेच ठोकून आत घेतो आणि घटकाभरात मध्य जुळवतो, त्यानंतर खटपट्या जमलेल्या मंडळींना सांगतो, “पोरानं नुस्तं धरलं व्हतं.”

उरतो तो कायद्याचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही, हे खटपट्याला तोंडपाठ असते, आणि फवारणी पंपाचे त्याचे इंजिन या मर्यादेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सांगणारा आकडा ग्रीसखाली असतो. वेगाच्या मोहाने त्याने मागची चक्री लहान निवडलेली असते. लहान चक्री सपाटीवर पळवते आणि चढावर ओढ कमी देते, त्यामुळे मांजरसुंब्याच्या घाटात मालकाला खाली उतरावे लागते, आणि हाताने ढकलल्या जाणाऱ्या सायकलीला परवाना मागण्याची तरतूद कोणत्याही कलमात नसल्याने, खटपट्याचा कायद्याचा अभ्यास तेवढा बिनचूक ठरतो.