डावी कूस

आठवण राहावी म्हणून फोटो काढतो, असं जंगलात जाणारा प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणतो. खरं तर मी वाघ पाहिल्याची आठवण मला राहतेच. ती सोसायटीतल्या इतरांनाही राहावी, एवढीच माझी धडपड. त्यासाठी १५०-६००ची लेन्स घेतली. ती घेऊन ताडोबाच्या मोहर्ली गेटवर उभा राहिलो की पुण्या-मुंबईची मंडळी अदबीनं ‘काल काही दिसलं का?’ विचारतात. शेजारच्या जिप्सीतून माझ्याहून लांब लेन्स निघाली की मात्र वाघ दिसूनही सकाळ वाया जाते.

वाघांच्या नावांचा विषय निघाला की मला आवरत नाही, आणि इथे तर तो मीच काढतोय. ताडोबात येडा अण्णा नावाचा वाघ होता. एवढं थोरलं धूड झाडीतून बाहेर येतंय आणि गाइड कानाशी पुटपुटतोय, ‘येडा अण्णा, जी!’ आता माणसानं घाबरायचं की नमस्कार करायचा? मटकासुर म्हटलं की वगातला राक्षसच मिशी पिळत येतो. त्याच्या पोराचं नाव छोटा मटका. घराणं लगेच कळतं. तेलिया तलावाकाठच्या चार वाघिणी बहिणी सोनम, लारा, गीता आणि मोना. ही नावं ऐकून मला गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्राच आठवतो. वनखात्याच्या कागदावर मात्र नुसता टी आणि पुढे आकडा. टी-१२ बघायला पहाटेच्या थंडीत कोण कुडकुडत बसेल? पण टी-१२ म्हणजे माया, आणि मायेसाठी माणसं काय वाट्टेल ते करतात.

मायाचा माझ्याकडे एक फोटो आहे. गवतामागे अर्धी कूस, थोडी शेपूट आणि फोकसमध्ये नेमकी एक वाळकी काडी. मी तो पुसणारच होतो. गाइडनं उन्हाला हात आडवा धरून स्क्रीन पाहिली. ‘डावी कूस. मायाच आहे जी.’ प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. एकाच वाघाच्या दोन कुशींचेही एकमेकांशी जुळत नाहीत. गाइडकडे कॅमेरा नव्हता. दोन्ही कुशी त्याला पाठ होत्या.

२०२३च्या ऑगस्टनंतर माया दिसली नाही. नोव्हेंबरात हाडं सापडली, ती तिचीच असल्याचं डीएनए तपासणीत ठरलं. इतक्या लेन्स आयुष्यभर तिच्यावर रोखलेल्या, पण ती गेली तेव्हा एकही समोर नव्हती. याचं मला बरं वाटतं. तेवढा तरी एकांत मिळाला बिचारीला. सगळ्यांच्या नशिबी तोही नसतो. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला पाच बछड्यांसह जिप्स्यांनी दोन्हीकडून अडवून धरलं. शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जिप्स्यांतल्या सगळ्यांना आठवणच हवी होती. तशी ती वाघिणीलाही राहिली असेल. तिला फक्त ती कुणाला पाठवता येत नाही.

मायाचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. पाहुणे वाघ शोधतात, मग मी काडीमागे बोट ठेवून गाइडच्याच थाटात सांगतो, ‘डावी कूस.’ परवा आत्या आली. चष्मा पुसून तिनं बराच वेळ फोटो न्याहाळला.

“वाघ दिसला रे,” ती म्हणाली, “पण यात तू कुठेयस?”

माझ्या मनातलं इतकं अचूक आजवर घरात कुणी ओळखलं नव्हतं.