मोरपंखी, पण कुठल्या उजेडात?

छापून आलेला फोटो काळपट आहे, ही तक्रार घेऊन कोणत्याही फोटो स्टुडिओत जा, उत्तर ठरलेलं असतं : "साहेब, आमच्या मशीनवर तर बरोबर दिसतोय." आपण म्हणतो, माझ्या कॉम्प्युटरवर लख्ख होता. दोन्ही पक्ष खरं बोलत असतात. भांडण मिटत नाही ते त्यामुळेच. एकजण जरी खोटं बोलत असता तरी कधीतरी पकडला गेला असता.

आमच्या घरात हे भांडण सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने शिरलं. सोहळ्यातला त्यांचा एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचं ठरलं. मोरपंखी पैठणी, जरीचे काठ, मागे झेंडूच्या माळा. मॉनिटरवर तो फोटो इतका झळकत होता की माळांतला झेंडू डोळ्यांत जात होता. प्रिंट आला. बायकोने तो हातात धरून नीट पाहिला आणि विचारलं, "अहो, कार्यक्रम सकाळीच होता ना?"

योगायोगाने माझा भाचा बंगळुरूहून आला होता. फोटोग्राफी हे त्याचं पोटापाण्याचं काम नव्हे, त्यामुळे त्यावर तो मनापासून खर्च करतो. त्याने प्रिंटकडे पाहिलंसुद्धा नाही. मॉनिटरकडे पाहून म्हणाला, "मामा, प्रिंट काळा नाहीये. तुझा मॉनिटर पेटलाय."

झालं होतं असं. दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उजळ दिसावा म्हणून मॉनिटर भडक करूनच पाठवतात. 250 ते 350 निट्स ही त्यातली नेहमीची मजल. फोटो छापायचा असेल तर 80 ते 120 पुरे. आम्ही खिडकीचे पडदे ओढून, दिवा मालवून, पूर्ण तेजात तळपणाऱ्या मॉनिटरवर फोटो पसंत केला आणि तो 'जरा जास्तच उजळ' वाटतोय म्हणून वर थोडा गडद करून स्टुडिओत धाडला. मॉनिटर स्वतःच्या उजेडावर जगतो. कागदाला अंगचा उजेड नाही. खोलीत जेवढा मिळेल त्यातलाच तो परत करणार, वरून चार आणे शाईने कापून घेणार. हजार चंद्र पाहिलेल्या बाईच्या फोटोत आम्ही चंद्राकडे सूर्याचं तेज मागत होतो, हे निदान त्या दिवशी तरी आमच्या लक्षात यायला हवं होतं.

भाच्याने एक कोरा कागद मॉनिटरशेजारी उजेडात धरला, पडद्यावर कोरं पान उघडलं आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. फुकटचा उपाय, आणि निम्मं दुखणं इथेच बरं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी त्याने बॅगेतून एक वाटोळं यंत्र काढून मॉनिटरवरून खाली सोडलं. त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे, करडे रंग एकामागून एक येऊ लागले आणि ते यंत्र मुकाट्याने नोंद घेऊ लागलं. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या, "काय झालंय त्याला?"

रंगांचा हा घोळ आमच्या घरचा नव्हे, हे ऐकून मला बरं वाटलं. 1993 साली अॅडोबी, अॅपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक अशी बडी मंडळी एकत्र बसली आणि प्रत्येक यंत्राने आपल्या रंगांचा दाखला बरोबर ठेवावा, असं त्यांनी ठरवलं. 'प्रोफाइल' म्हणतात तो हाच. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने पडद्यांसाठी एसआरजीबी नावाची सामाईक मोजपट्टी मांडली. त्याआधीचा कारभार आणखी गमतीचा. कोडॅक आपल्या लॅबना एका गोऱ्यापान बाईच्या फोटोचं कार्ड पाठवायची. त्याला नाव पडलं शर्ली कार्ड. तिची कांती बरोबर आली की जगाचे रंग बरोबर! सावळ्या माणसांचं काय व्हायचं ते त्या काळच्या ग्रुप फोटोंत दिसतं. आमच्या नात्यात असं कार्ड लागत नाही. दोन मावश्याच पुरतात. प्रिंट पाहून दोघी एकदम म्हणाल्या, "ताई एवढी सावळी कुठे आहे?" ताई तेवढीच सावळी आहे आणि समोरच बसली होती.

आता प्रश्न पैठणीचा. मला वाटायचं, मॉनिटरवर सगळे रंग असतात आणि कागद बिचारा कमी पडतो. भडक पोपटी, झगझगीत नारिंगी यांच्याबाबतीत ते खरंही आहे. पण मोरपंखी, फिरोजी या कुळातल्या काही छटा अशा आहेत की त्या साध्या मॉनिटरलाच जमत नाहीत, छपाईची शाई मात्र त्या सहज देऊन जाते. म्हणजे ज्या मॉनिटरला प्रमाण मानून आम्ही प्रिंटला नावं ठेवत होतो, त्याने खरी पैठणी कधी पाहिलीच नव्हती. जरीचं तर विचारूच नका. जर हा रंगच नव्हे. मान हलवली की बदलते. शाई तिथे पिवळा आणि तपकिरी लावून हात जोडते.

म्हणून आम्ही पैठणीच पिशवीत घालून स्टुडिओत नेली. तिथले काका जुन्या मिनिलॅबच्या काळातले. सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटी या चार बटणांवर त्यांची हयात गेली होती. त्यांनी नवा छोटा प्रिंट काढला, पदराला लावला. ट्यूबखाली तंतोतंत! मी पैसे काढणार तेवढ्यात बायको दोन्ही घेऊन फुटपाथवर गेली. उन्हात पैठणी हिरवी झाली आणि फोटो निळाच राहिला. एका दिव्याखाली जुळलेले रंग दुसऱ्याखाली फारकत घेतात. रेशमावरचा रंग आणि कागदावरची शाई यांची घडणच वेगळी. यावर तोडगा म्हणून छपाईच्या जगात 5000 केल्विनच्या ठरावीक प्रकाशातच प्रिंट तपासतात. फुटपाथवर ती सोय नव्हती. होता तो एक रसपानगृहवाला, त्याने न विचारता मत दिलं की साडी फोटोपेक्षा चांगली आहे.

काकांनी एकच प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता : "लावणार कुठल्या दिव्याखाली?"

हॉलमध्ये पिवळसर एलईडी आहे. काकांनी त्या हिशोबाने फोटो किंचित उजळ केला, पिवळा जरासा उतरवला. फ्रेम भिंतीवर चढली. आईंचा चेहरा आईंसारखा, मोरपंखी मोरपंखीसारखा. भाच्याने लांबून, जवळून, तिरपं पाहिलं आणि मान डोलावली. तिकडे कॉम्प्युटरचा ब्राइटनेस बायकोने पुन्हा शंभरावर नेला होता, कारण तिच्या मालिकेत सगळ्यांच्या घरी लोडशेडिंग झाल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी मावशी फ्रेम बघायला आल्या. खूश झाल्या. फोनवर फ्रेमचा फोटो काढला आणि घरी पोचल्यावर फॅमिली ग्रुपवर टाकला. रात्री दहाला नागपूरहून, नाइट मोड लावलेल्या फोनवरून, मामेसासऱ्यांचा निरोप आला : "छान. पण ताई पिवळी का दिसतेय? रक्त तपासून घ्या."